शेगडी वाढव

अण्णा, इथे अरबांच्या देशातही थंडी पडते. तुम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर तुम्ही हसून म्हणाला असतात, वाळवंटात कसली गो थंडी. पण जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की समुद्रावर खिशातून हात बाहेर काढवत नाहीत. लाकडी बोटीच्या फळ्यांमधून तो वारा असा आत शिरतो, की बोटीवर राहणारी माणसं दुपारपासूनच डब्यात कोळसे पेटवून बसतात. त्यांना तसं बसू न देणं हे माझं काम आहे. लुसैलच्या धक्क्यावर एका कंपनीच्या तीन बोटी उभ्या असतात, आपल्या जुन्या गलबतांसारख्याच, फक्त त्यांच्यावर गालिचे आणि दिव्यांच्या माळा आहेत. संध्याकाळी पाहुणे येतात, मासे भाजतात, हुक्का ओढतात, म्हणून कोळशाची पोती बोटीवर कायमच असतात. मी तिथली सेफ्टी ऑफिसर. लाइफ जॅकेट मोजायची, आगीचे सिलिंडर तपासायचे, फॉर्म भरायचे. सगळं दोन-दोनदा तपासते, घरी येऊन पुन्हा आठवून बघते. तुम्ही मला घाबरट म्हणायचात. त्या घाबरटपणावरच मला इथे नोकरी मिळाली.

राहते बिन महमूद नावाच्या वस्तीत, एका खोलीत. दुसऱ्या खोलीतली मुलगी नर्स आहे, तिची आणि माझी गाठ फ्रिजवरच्या चिठ्ठीतूनच पडते. ऑफिसात इंग्रजी, बोटीवर हिंदी, आणि मराठी फक्त आईच्या फोनवर. जेवलीस का, जेवले, काय केलंस, आमटी. एवढ्यात ती संपते. त्यामुळे होतं काय, की मी बोटीवर चढते, तेल प्यायलेल्या लाकडाचा, दोराचा, कोळशाचा वास नाकात जातो, आणि दिवसभर गप्प बसलेली मराठी आपोआप जिभेवर येते. हे सांगते आहे, कारण जे झालं ते त्यातूनच झालं.

तुम्हाला आठवत असेल, मला शाळेत नेलं की मी पायरीवरच ओकायचे. दोन वर्षं असं गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, राहू दे, मी शिकवतो. तुम्ही तांडेल, बोट तुमच्या शब्दावर चालायची, पण तुमचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. बोट बंदरात असली की दुपारी मला बोटीच्या उघड्या फळक्यावर बसवायचात आणि शेगडीतला विझलेला कोळसा हातात द्यायचात. विझलेला हे मी आत्ता लिहिलं. तुमच्यासमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. फळीवर कोळशाने अ काढायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, परत काढायचा. माझी बोटं काळी, नाक काळं. आई म्हणायची, पोरगी शिकून येते की कोळसे पाडून.

त्यातला एक दिवस मला पुन्हा पुन्हा दिसतो. मी सात वर्षांची. तुम्ही गाठी मारत जाळं तुणत बसला आहात, शेगडीवरचा चहा झालेला आहे, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "बाय, शेगडी वाढव." मी मन लावून ऐकणारी मुलगी. ओंजळभर कोळसे आणते आणि शेगडीत ओतते. ठिणग्या उडतात, वाऱ्यावर जातात, आणि नायलॉनच्या नव्या जाळ्याला माझ्या तळहाताएवढं भोक पडतं. तुम्ही उठता, माझ्या हातावर फटका मारता. "डोकं कुठाय गो तुझं? वाढव म्हटलं तर वाढवतेस?" मला त्या वाक्याचा अर्थच लागत नाही. मी वाढव म्हटल्यावर वाढवलंच तर होतं.

संध्याकाळी बोटीचा मालक आला. हे कुणी जाळलं, म्हणून त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी." तो बरंच बोलला, तुम्ही ऐकून घेतलंत. घरी आल्यावर आई माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिला नको बोलू. मी तिला तो शब्द शिकवलाच नव्हता, आणि फटका मारला. चूक सांगणाराची." दुसऱ्या दिवशी तुम्ही फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, वाढव. आणि मला समजावलंत. ताटात भात वाढ, तो जास्त. नारळ वाढव, म्हणजे फोड. दिवा वाढव, शेगडी वाढव, म्हणजे शांत कर. ज्या आगीवर आपण जेवतो तिला मर म्हणायचं नाही. बोटीवर तर नाहीच, तिथे खाली पाणी टपलेलं असतं. आणि मग तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत, जी मला पुढे नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये इंग्रजीत पुन्हा शिकवली. शेगडी कधी खाली खोलीत न्यायची नाही. धूर येतोय तोवर माणूस खोकत बाहेर तरी येतो. निखारा लाल झाला, धूर थांबला, उबेने डोळे मिटायला लागले, की समज संपलं.

मी अकरा वर्षांची असताना तुम्हाला कावीळ झाली. तुम्हाला खांद्यावरून घेऊन गेल्यावर शेजारच्या बायका आईभोवती बसल्या आणि एकजण हळूच म्हणाली, "बांगड्या वाढव गो." माझ्या मावसबहिणीने मला कानात विचारलं, अजून घालायच्या? मला शब्द माहीत होता. म्हणून मी तिच्या आधी रडले.

आता इथलं सांगते. बोटीवर एक नेपाळी माणूस आहे. वय तुमच्याएवढं, म्हणजे तुम्ही होतात तेवढं. सगळे त्याला दाई म्हणतात, त्यांच्यात मोठ्या भावाला दाई म्हणतात आणि धाकट्या बहिणीला बहिनी. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. आपल्याकडे दाई म्हणजे सुईण, असं मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "कोई बात नहीं बहिनी, बकरी का बच्चा मैंने भी निकाला है।" तो मुळात बिरकत अल अवामेरला, शहराबाहेरच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो, पण हिवाळ्यात राखणीला बोटीवर असतो. मागच्या बाजूला त्याची खोली आहे, खोली कसली, कपाट. गेल्या महिन्यात एका दुपारी मी तपासणीला गेले. वारा बोचरा होता. दाई फटीएवढं दार उघडं ठेवून तेलाच्या डब्यात कोळसे पेटवून बसला होता, कानाला मफलर, हात डब्यावर. संध्याकाळी मोठं बुकिंग होतं, खालून मला हाका चालू होत्या, मॅडम यल्ला, यल्ला, म्हणजे चला लवकर.

मला म्हणायचं होतं, बुझा दो. पण बोटीवर उभी होते, अण्णा. बुझा दो म्हणजे विझवच की. जीभ अडली. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच चढवलेला दुसरा सदरा. मी म्हणाले, "दाई, ये सिगड़ी बढ़ा दो। अभी। और दरवाज़ा बंद रखना, गेस्ट को दिखता है।"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला, आणि तो म्हणाला, "शुक्रिया बहिनी।"

मी खाली गेले. त्याने डब्यात आणखी कोळसे घातले, दार घट्ट लावलं आणि पाहुणे येईपर्यंत जरा पडावं म्हणून पडला. तासाभराने इंजिनवाला त्याला बोलवायला गेला आणि ओरडला. दाईला ओढून फळक्यावर आणलं तेव्हा त्याचं डोकं एका बाजूला पडत होतं. मी गुडघ्यावर बसून सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, हात चुकले नाहीत. अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लावला. तो वाचला. हे आधी सांगायला हवं होतं, तुम्ही वाचता वाचता घाबरला असाल.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. मनाने वाईट माणूस नाही, पण त्याला कागद पूर्ण लागतो. त्याने विचारलं, तू त्याला आग विझवायला सांगितलं होतंस? इंग्रजीत हा शब्द किती सोपा आहे, कुणाचं काही मरत नाही त्यात. मी म्हणाले, "येस सर." ते खोटं नव्हतं. माझ्या भाषेत मी तेच सांगितलं होतं. त्याने लिहिलं, कामगाराने तोंडी सूचना पाळली नाही. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "खलास." दाई हॉस्पिटलमधून सुटला की त्याला मायदेशी परत पाठवायचं ठरलं. नियम मोडणाऱ्याला कंपनी ठेवत नाही. तो नियम मीच भिंतीवर लावला आहे.

मी त्याला कॅम्पवर भेटायला गेले, संत्री घेऊन. आठ जणांच्या खोलीत खालच्या पलंगावर बसला होता, अजून डोकं धरत होता. मला बघून उठायला लागला. मी म्हणाले, "दाई, मैंने जो बोला था…" त्याने हात हलवला. "मेरे सुनने में गलती हुआ होगा, मैडम। आपने तो अच्छे के लिए बोला।" आधी बहिनी म्हणायचा, आता मॅडम. वरच्या पलंगावरचा माणूस खाली वाकून म्हणाला, "ये तो अस्पताल से आके सबको बताता था, आप पहली हो जिसको इसकी ठंड दिखी।" दाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि मला एक संत्रं सोलून दिलं. मी ते खाल्लं. काय करणार होते, नको म्हणवेना.

दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी बोटीवर गेले, तर इंजिनवाला हुक्क्याचे निखारे चिमट्यात धरून उभा. त्याने मोठ्याने विचारलं, "मैडम, इसको बढ़ाऊँ क्या?" बाकीचे खाली बघायला लागले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "बुझा दो।" बोटीवर, उभ्याने, तुमचं शिकवणं तोंडात असताना. त्याने निखारे पाण्यात टाकले, चर्र झालं, आणि मला खरंच वाटलं की बोट हलली. भरतीची वेळ असेल.

ऑफिसात येऊन मी मॅनेजरला मेल लिहिला. शब्द कोणता वापरला, त्याचा माझ्या घरी अर्थ काय आणि ऐकणाऱ्याला काय कळलं, सगळं. इंग्रजीत ते इतकं वेडगळ दिसत होतं, की मी चारदा खोडलं. वाढव म्हणजे कमी कर, हे कुणाला पटवून देणार? शेवटी साधं लिहिलं, कामगाराने माझी सूचना तंतोतंत पाळली, सूचना चुकीची होती, दार बंद ठेवायलाही मीच सांगितलं होतं. पाठवला. अर्ध्या तासात मॅनेजर टेबलाशी आला.

"तुला कळतंय का, तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय?"

"हो सर."

"त्याने तर तक्रारही केलेली नाही. तूच कशाला?"

चूक सांगणाराची, याला इंग्रजी सापडलं नाही. तो म्हणाला, ठीक आहे, चौकशी पुन्हा होईल, त्याचं तिकीट तोवर थांबवतो. माझं काय होईल ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दाईला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो बढ़ाना मतलब बुझाना? आप लोग भी कमाल हो।" आणि हसला, खोकला, परत हसला. फोन ठेवताना बहिनी म्हणाला की मॅडम, ते नीट ऐकू आलं नाही. कॅम्पमध्ये गोंगाट असतो.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती म्हणेल, तुझ्या अण्णांनी कसले कसले शब्द शिकवून ठेवले. मला तुमच्याबद्दल तेवढंही ऐकवणार नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहिलं, तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर, आणि ते बाकीच्या कागदांखाली खणात जाईल. कुठे पाठवायचं तुम्हाला.

एकच राहिलं. त्या मेलमध्ये मी लिहिलंय की नंतर शांतपणे विचार करताना माझ्या लक्षात आलं. नंतर नाही, अण्णा, तेव्हाच. आग विझवायला सांगितल्यावर कुणी शुक्रिया म्हणत नाही. तो म्हणाला तेव्हा माझा एक पाय पायरीवर होता. पाय तिथेच थांबला होता. मग खालून पुन्हा हाक आली, आणि मी दुसरा पाय खाली टाकला.