मेलेल्यांनी बोलायचं नाही

प्रिय ओडील,

त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीयेस. रागावलीस, कळलं. तुझी आईही अशीच होती, भांडण झालं की तोंडाला कुलूप. पण ती निदान भांडी आपटून मला कळवायची तरी. तुझं सगळंच मुकाट. म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर लागेल तेवढं वाच, न लागेल तिथं मला मनातल्या मनात चार शिव्या घाल.

इकडे खाडीत कोळंबी कमीच आहे. शेजारचा अल्सीड पुन्हा बोट विकतो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी तिला रंग द्यायला बसला. तुझं मांजर तुझ्याच पलंगावर पसरलेलं असतं, हुसकावलं तर माझ्यावरच गुरकावतं. मी काल जाळं दुरुस्त करायला घेतलं, पण एकच भोक पुन्हा पुन्हा चुकत होतं. डोक्यात तुमची ती खोली.

अगं, मला काय ठाऊक तिथं काय चालतं! ‘घरच्यांसोबतचा सराव’ असा निरोप आला होता. मला वाटलं केक असेल, फोटो काढतील, एखादी टोपी देतील. तुझ्या आईने, व्हर्नाने, तिच्या शेवटच्या नाताळला घेतलेला निळा शर्ट इस्त्री करून आलो. आणि पाहतो तर काय, मंगळावर निघालेल्या माझ्या पोरीच्या मरणाची रंगीत तालीम! तुमच्या त्या डॉक्टरबाईंनी पत्त्यातलं पान उलटावं तसं एक कार्ड उलटलं आणि शांतपणे वाचलं: चौथा महिना, ओडील कड्यावरून घसरून घळीत पडली आहे, जिवंत नाही. आणि तू उठलीस, भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलीस. बसताना तुला हसू आलं, तेव्हा तुमचा तो म्होरक्या टकर ओरडला, “ए, मेलेल्यांनी हसायचं नाही! आणि बोलायचं तर नाहीच नाही.” सगळे हसले. देवाशपथ, मीही हसलो.

मग टेबलाभोवती एकेकाला विचारत गेले. घरी कोण कळवणार, तिची कामं कोण करणार. तो उंचाडा ब्रॅम म्हणाला, “तिच्या वाट्याची कॉफी माझी,” तेव्हा मेलेल्या बाईने त्याला पेन फेकून मारलं. इथवर ठीक होतं. मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “मिस्टर गिड्री, घरच्यांचं म्हणणं काय? तिला वर काढायचं, की तिथंच राहू द्यायचं?” मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मोठे केलेस, पण तुला बोलायची बंदी. माझ्या तोंडून निघून गेलं, “काढायचं म्हणजे काय, काढाच! माझी पोरगी आहे ती, फाटकं जाळं नाही टाकून यायला.”

मग टकर आणि ती इनेझ, दोघं घळीत उतरले. म्हणजे कागदावरच. बाईंनी पुढचं कार्ड उलटलं: दरड सरकली, दोघंही गेले. त्याच्या पुढचं: ब्रॅम एकटा उरला, एकट्याने यान उडत नाही. टकर आणि इनेझ उठून तुझ्या शेजारी भिंतीकडे बसले. मग ब्रॅमही गेला. बाईंनी कार्डं गोळा केली आणि म्हणाल्या, बाहेर सँडविच ठेवलेत. कुणी झापलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर ट्रकपाशी टकर आला. चांगला पोरगा आहे, डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. म्हणाला, “मी खरंच उतरलो असतो, मिस्टर गिड्री. तुमचा तसा निरोप आला असता तर मला नाही म्हणता आलं नसतं. आपण शुक्रवारी परत बसू. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात, तर ओडीलला मी नेणार नाही. तिच्या जागी दुसरा माणूस तयार आहे.” आणि तू म्हणालीस, “डॅडी, तीन शब्द आहेत. राहू दे तिथंच. एवढं जमत नाही तुम्हाला?” आणि ट्रकचं दार असं आपटलंस की आरसा अजून लोंबतोय.

नाही जमत गं. तुझा क्लोव्हिसकाका बोटीवरून पडला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तो सापडलाच नाही. माझी आई वादळात धक्क्यावर उभी राहून म्हणत होती, अजून एक फेरी मारा रे, अजून एकच. आणि बायकापोरं असलेली माणसं पुन्हा पुन्हा बोटी बाहेर काढत होती, कारण तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे परत आले, हे त्यांचं नशीब. त्यानंतर आईने मरेपर्यंत मागच्या दाराला कडी लावली नाही. कोळंबीचा रस्सा, गंबो, केला की एक वाडगा जास्तीचा. कबरस्तानात त्याच्या नावाचा दगड बसवला, पण ती तिथं कधी बसली नाही. म्हणायची, “कोण आहे तिथं? कुणापाशी बसू?” मी दर रविवारी व्हर्नापाशी जाऊन बसतो. तिच्या एका अंगाला माझी जागा आहे, दुसऱ्या अंगाला तुझी. मी काय मागितलं गं? बसायला एक ठिकाण.

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी शुक्रवारी यायचं, पुन्हा ‘काढा’ म्हणायचं, की झालं. तू घरी. मंगळ गेला खड्ड्यात. कुणी मला बोल लावणार नाही, बापाचं काळीज म्हणतील. तू दोन-चार वर्षं बोलणार नाहीस, पण ह्युस्टनमध्ये कुठेतरी जिवंत राहून बोलणार नाहीस! ही खूशखबर सांगायला मी रविवारी व्हर्नाकडे गेलो. फुलंसुद्धा महागातली नेली.

तिथं बसलो आणि मला टकरची आई आठवली. माझ्यासमोरच बसली होती, पांढऱ्या केसांची, हातात पर्स घट्ट धरून. ते दरडीचं कार्ड वाचलं तेव्हा मी मान खाली घातली. तर तिने हात लांब करून स्वतःचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी नुकताच तिचा मुलगा मारला होता, ओडील, आणि ती मला पाणी देत होती. मी ते प्यायलोही. मला त्या धक्क्यावरच्या माणसांच्या बायका आठवल्या, माझ्या आईच्या मागे गप्प उभ्या असलेल्या. त्यांच्याकडे तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. फुलं ठेवली आणि उठलो.

शुक्रवारी मी ते तीन शब्द म्हणेन. बोटीवर समुद्रपक्ष्यांना म्हणून दाखवले, मांजराला म्हणून दाखवले, आता अडखळत नाही. तू जा. मला ते मुळीच पसंत नाही, लाल धुळीत मरायला मी तुला पोहायला शिकवलं नव्हतं. पण जा.

पण पोरी, शुक्रवारची ती तालीम. तू समोर भिंतीकडे बसलेली असशील, डोळे वटारून, धडधाकट. तिथं मी काहीही म्हणेन. खरोखरच एखाद्या दिवशी डॉक्टरबाई माझ्या दारात आल्या, तर? मी मला ओळखतो. सगळं पाठ केलेलं विसरून मी आईसारखा ओरडेन, काढा तिला, वर काढा. आणि तो भला पोरगा माझं ऐकेल. म्हणून हे लिहिलंय. याची एक प्रत बाईंकडे दे, एक टकरकडे. त्या दिवशी मी रडेन, हातापाया पडेन, वाट्टेल त्या शिव्या देईन. माझं काही एक ऐकू नका. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, माझी पोरगी जिवंत आहे आणि माझ्यावर फुगून बसली आहे, तेव्हा आजचाच शब्द माझा धरा. ओडीलला तिथंच राहू द्या. आणि टकर, तू खाली उतरायचं नाहीस. तू घरी ये, तुझी आई वाट बघतेय.

तुझाच, तू कुठेही राहिलीस तरी,
डॅडी