आखाजीला फियाट निघणारच

६ एप्रिल २०२५, रविवार. रामनवमी.
आजपासून नियमित लिहिणार. लिहिलं की काम होतं.
महिनाअखेरीला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लग्नानंतरची दिपमालाची पहिली. तिला धुळ्याहून माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच जाणार, आणि वडिलांच्या फियाटनेच. लग्नात भर मांडवात व्याही धनसिंगनानांसमोर बोललो आहे : माझी पोर पहिल्या आखाजीला बसचे धक्के खात येणार नाही.
गाडी चालू आहे. कार्बोरेटर तेवढा गळतो, चढावर दम टाकतो, आणि वासामुळे सौ. पुढे बसत नाही. तो बदलायचा. आयटीआयमध्ये जन्म गेला, मला कोण शिकवणार? (थिअरी माझ्याकडे होती. प्रॅक्टिकल दुसरे सर घेत. पण पाया थिअरीच.)
सौ. म्हणाली, एसटीने जा.

१३ एप्रिल, रविवार.
फियाटचा कार्बोरेटर जळगावात कुठेच नाही. नूर महंमदच्या भंगारात जीपचा सापडला. मोठा आहे. मोठा कार्बोरेटर, मोठा पिकअप. नूर महंमद म्हणाले, लगा के देखो सर, नसीब की बात है. नशीब कसलं, सायन्स आहे.
जुना त्यांनाच देऊन आलो. घरात ठेवला तर मन मागे ओढतं. त्यांनी तो भट्टीला जाणाऱ्या ढिगावर फेकला. वडिलांचा हात लागलेला होता. थोडं वाईट वाटलं. चहा घेतल्यावर बरं वाटलं.

१७ एप्रिल, गुरुवार.
भोकं जुळत नाहीत. त्यांना जुळावं लागेल.
मधे पत्र्याची प्लेट टाकली. फट बुजवायला, म्हणजे गॅस्केटला, जाड कागद हवा होता. दिपमालाच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या आहेत, त्या कापल्या. वर गणपती असलेला भाग बाजूला ठेवला. सौ.ने विचारलं, दुसरा पुठ्ठा नव्हता का? नव्हता असं नाही, पण हा कागद उत्तम आहे.

२० एप्रिल, रविवार.
सौ.ने आखाजीच्या झोक्यासाठी नवा दोर आणला. अंगणातल्या कडुनिंबाला बांधूनही घेतला. दहा दिवस आधी काय घाई? तिला प्लॅनिंग कळत नाही.
गाडी सुरू झाली!! काळा धूर भरपूर. शेजारच्या मोतीलालने वाळत घातलेले कपडे आत नेले. मग बंद पडली. पण सुरू झाली होती, हे महत्त्वाचं.
दिपमालाला फोन करून सांगितलं, गाडी रेडी. ती हसली. बॅग भरायला घेते म्हणाली.

२६ एप्रिल, शनिवार.
ट्रायल. हायवेला लागेपर्यंत फर्स्ट क्लास. मग थांबली. कार्बोरेटरचा दोष नाही, उन्हाचा आहे. या उन्हात पेट्रोलची वाफ होते. कार्बोरेटरला ओला टॉवेल गुंडाळला. टॉवेल वाळला. पुन्हा ओला केला. पुन्हा वाळला.
मोतीलालचा ट्रॅक्टर बोलावला. ओढायला दोर नव्हता, म्हणून झोक्याचा सोडून आणला. तात्पुरता. सौ. जेवताना बोलली नाही. उकाड्याने असेल.

२९ एप्रिल, मंगळवार. पहाटे.
निघतो. नवी टोपी, दोन टॉवेल, पाण्याचा कॅन, उरलेल्या पत्रिका. दोर डिकीत. लागणार नाहीच, पण असू दे. सौ. दारात येऊन म्हणाली, रस्त्यात बंद पडली तर सोडून द्या आणि बस धरा, पण पोरीला आणा. अशुभ बोलायची सवय.

त्याच दिवशी, दुपार. पारोळ्याच्या अलीकडे.
लिंबाच्या सावलीत लिहितो आहे. गॅस्केट पेट्रोल पिऊन लगदा झालं. बोटाला 'चि. सौ. कां.' चिकटून आलं.
दिपमालाचा फोन. सकाळपासून बॅग घेऊन ओट्यावर बसली आहे. म्हणाली, अप्पा, बसने या ना, मला गाडी नको, तुम्ही या. तासाभरात येतो म्हणालो.
मग धनसिंगनानांनी फोन घेतला. भाऊ, दिपमालानी बठ्ठी तयारी करेल शे, तुम्ही कथा शेत? कुठवर आलो? म्हणालो, पारोळा मागे टाकलं. टाकणारच होतो.
धुळ्याची एसटी थांबली. कंडक्टरने हात करून बोलावलं. वडिलांची गाडी अशी रस्त्यात सोडून कसा जाणार? पुढे जा म्हणालो. नंतर अजून एक आली. तीही गेली.

संध्याकाळ.
तिसरं गॅस्केट. पत्रिका संपल्या.
मोतीलालला फोन केला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
ट्रॅक्टरमागून घरी आलो. दोर मधेच तुटला, गाठ मारून आणलं. आता तो झोक्याच्या कामाचा नाही.
सकाळी दिपमालाचा फोन आला. तिची नणंद रूपा माहेरपणाला आली. मुलं, पाहुणे, घर भरलं आहे. सासूबाई एकट्या पडतील. आता निघता येणार नाही, पुढच्या वर्षी या म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती. बॅग रिकामी केली का, विचारणार होतो.
सौ.ने सांजोऱ्या केल्या, आमरस केला. तिघांचं वाढलं आणि एक ताट परत आत नेलं.
गाडी कडुनिंबाखालीच उभी आहे. गल्लीतल्या पोरी झोका खेळायला आल्या, दोर कुठे म्हणून विचारू लागल्या. शेवटी गाडीतच दाटीवाटीने बसून त्यांनी गौराईची गाणी म्हटली आणि गेल्या.
त्यानंतर सौ. बाहेर आली. मागचं दार उघडून आत बसली, दिपमाला बसायची त्या बाजूला. मी स्टिअरिंगवर बसलो. मग गंमत म्हणून विचारलं, कुठे जायचं बाईसाहेब?
म्हणाली, धुळ्याला.
मी चावी फिरवली नाही.