भाजी लाव, झाड नको

वाणगाव
मे २०१८

प्रिय नविन,

फोनवर तू घाईत असतोस. मी काही सांगायला लागले की "ताई, रविवारी निवांत बोलू" म्हणतोस, आणि तुमच्या विरारच्या घरी रविवार किती निवांत असतो ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे. गुडघा धरतो तिचा, पण बियाण्याचे वाल निवडायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. बांध घालून झालेत, खत पसरून झालंय. आता पावसाआधी कुठे काय लावायचं ते ठरवायचं, आणि यंदा तेच ठरत नाहीये.

तुला आठवतं ना, मी वापीहून, सासरहून, गणपतीला आले आणि गौरी गेल्या तरी परत गेले नाही? आळीतल्या बायका आईला विचारायला लागल्या, "वर्षा कधी जाणार?" आई पाणी भरायला निघून जायची. तेव्हा एकटा तूच म्हणालास, "ताई, बाबा गेल्यापासून शेत पडूनच आहे. कर तुला करायचं ते." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, नविन.

पहिल्या साली वाणगावात सगळे करतात तेच केलं, मिरची. आणि मिरची म्हणजे फवारणी, सारखी फवारणी. एकदा आपल्याकडे मजुरीला येणारी ठकी पाठीला पंप लावून अख्खं शेत मारून घरी गेली आणि उलट्या करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तिला बघायला गेले तर म्हणाली, "औषध मिरचीला मारतो का आपल्याला, ताय?" ती सहज बोलली, पण मला जेवण गेलं नाही. पुढच्या साली मी औषध बंद केलं आणि हट्टाने पुन्हा मिरचीच लावली. आजूबाजूला सगळी मिरची, सगळ्यांची कीड माझ्याकडे वस्तीला आली. पानं आकसली, बोकड्या रोग पडला. रोपं उपटताना मी रडले, ते आईलाही माहीत नाही.

त्यानंतर मात्र उलटा विचार केला. बाजारात काय खपतं ते मागाहून, आधी आपल्या मातीत औषधाविना काय तगतं ते बघायचं. पावसात भात, त्याच्या कडेने मांडवावर काकडी आणि शिराळी. भात कापलं की त्याच ओलीवर वाल. घराच्या अंगाला कोनफळ आणि रताळी. नरपडहून सुक्या मासळीचा चुरा आणून शेणखतात कुजवला, तर भिकूकाका नाकाला रुमाल लावून बांधावरून ओरडायचे, "अगं, शेत करतेस की मासळीबाजार?" पण कोनफळं निघाली तेव्हा सगळ्यात मोठं काकांनीच उचलून नेलं. मलाही बरं वाटलं. बाबांच्या माघारी तेच घरातले मोठे.

दरवर्षी काय लावू विचारायला मी काकांकडेच जायचे. ते म्हणायचे, "भाजी लाव, वाल लाव, काय हवं ते लाव. झाड नको." मला वाटायचं, सावलीने भात मार खाईल म्हणून सांगत असतील. गेल्या पावसात बांधावर शेवग्याच्या फांद्या रोवल्या. बांधाची सावली ती किती! छान फुटल्या, खांद्याएवढ्या झाल्या. संक्रांतीच्या आधी एका सकाळी गेले तर सगळ्या बुंध्यातून तोडलेल्या. काका तिथेच कोयता पुसत उभे होते. म्हणाले, "भाजी काढली की जमीन मोकळी होते. झाडाची मुळं जातात खाली. माहेरी आलेल्या पोरीने मुळं सोडू नयेत."

तू संक्रांतीला जोडीने आलास, कल्पिताही होती. आपल्याच शेतातली वालपापडी, रताळी, कोनफळ घालून उकडहंडी केली होती. तू दोनदा वाढून घेतलीस. जेवण झाल्यावर आपण शेतावर गेलो, तेव्हा ते तोडलेले बुंधे तू पाहिलेस. एकावर पाय ठेवून उभाही राहिलास. मी वाट पाहत होते, आता विचारशील, मग विचारशील. तू म्हणालास, "इथे रेंज मस्त येते गं." कल्पितासाठी वालाची पिशवी घेतलीस आणि गेलास. काकांनी झाडं तोडली त्याचं मला जेवढं लागलं नाही, तेवढं तुझ्या त्या बोलण्याचं लागलं. तुला तेव्हाच सगळं माहीत होतं का, हे मी स्वतःला विचारते आणि उत्तराच्या आधीच थांबते.

परवा काका आले. चहा घेतला, आईची चौकशी केली, मग म्हणाले, "मंगळवारी डहाणूला कचेरीत यायचं. हक्कसोडीवर तुझी एक सही. नविन येतोय रजा टाकून. भाऊ काय तुला उपाशी ठेवणार आहे?" तू येतोयस, हे मला त्यांच्याकडून कळलं. बाबांच्या जमिनीतला वाटा मी सोडायचा आणि मग तुझ्या मर्जीने भाजी लावत राहायची, एवढं मला कळतं. मी मंगळवारी येणार नाही, नविन. सही करणार नाही. कुणीतरी आधी येऊन तुला तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. मला तुझा वाटा नको, वकील नको, भांडण तर नकोच. तुला राग येईल, येऊ दे. पण तो राग घेऊन इकडे ये, काकांकडे नको जाऊस. आईला काल हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं ती तुझी बाजू घेईल. तिने सुपातले वाल पाखडून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बोर्डीला माझ्या भावांनी माझी सही घेतली तेव्हा नविन पोटात होता. मला साडी नेसवली. चार महिन्यांनी बाळंतपणाला गेले, तर वहिनीने विचारलं, किती दिवस राहणार?"

तुझीच,
वर्षाताई