विहिरीला पाणी लागायच्या आत

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज परत आला. मी तळ्याकाठी दिवे लावत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली — ‘प्रथमेश जॉइन्ड’. मागच्या आठवड्यात दिसली तेव्हा म्हटलं, भास. आज चांगला चष्मा लावून बसले होते.

पलीकडच्या काठावर उभा होता, तोच हिरवा शर्ट. मी लिहिलं — पमू, जेवलास का? दुसरं काही सुचेचना. त्यानं मान खाली-वर केली. तेवढ्यात कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला आणि सगळं काळं.

बाहेर आले तर हे सोफ्यावर, मांडीवर बँकेचा लॅपटॉप. “लाइट गेली का?” म्हटलं, नाही, मशीन म्हातारं झालंय.

१३ नोव्हेंबर

सांगणार कुणाला? वेडी म्हणतील. इथेच लिहिते.

प्रथमेश डेंग्यूनं गेला त्याला दोन वर्षं झाली. सांगलीहून जयपूरला बदली झाली तेव्हा हे म्हणाले, त्याचा मोठा कॉम्प्युटर विकून टाकू. मी तो माझ्या साड्यांत गुंडाळून आणला. त्यात त्याचं गाव आहे! ठोकळ्यांवर ठोकळे रचायचा तो खेळ — त्यात तळं बांधलंय, घाट, आमचं घर, घरामागे आंबा. लॉकडाउनमध्ये मला शिकवला. मला मोठ्या कॉम्प्युटरवर बसवायचा, आत माझं नाव ‘आई’. स्वतः लॅपटॉप घेऊन पलंगावर लोळत, त्याचं नाव ‘प्रथमेश’. एकाच घरात, दोन खोल्यांतून एकाच गावात हिंडायचो.

तो लॅपटॉप आता नाही. ह्यांनी मिरजेला पुतणीला, सलोनीला, देऊन टाकला. मला न विचारता. महिनाभर बोलले नव्हते मी.

हे कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. “ठोकळ्यांत जीव अडकवून बसलीस,” म्हणतात. बसले तर बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

अभिषेकला पुण्याला फोन केला. पमूचा शाळेपासूनचा मित्र, कॉम्प्युटरच्याच लाइनीत आहे. त्याच्याशी बोलताना नेहमी वाटतं, मागून दुसराही आवाज येईल.

“काकू, रॅम आठची सोळा करा. सगळं साठवायला नवी मोठी एसएसडी टाका. आत धूळ साचली असेल ती काढून घ्या, निम्मा ताप तिचाच असतो. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, दुकानदार बदलायला सांगेल, ऐकू नका.” राउटरही खोलीजवळ आणा म्हणाला, भिंतीआड ठेवू नका.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं — त्या खेळात बाहेरचं कुणी शिरू शकतं का रे?

“छे! तुमचं जग फक्त घरातल्या वायफायवर दिसतं. आला तर घरातलाच कुणी येणार.”

घरातलाच.

दुरुस्ती मला कशासाठी हवी ते त्याला सांगितलं नाही. तो आला की मशीनला दोघांचा भार होतो आणि ते बंद पडतं. मशीन धड झालं तर तो थांबेल. मला एवढंच हवंय.

१९ नोव्हेंबर

हल्ली स्वयंपाकाला उठते तेव्हा खेळ चालूच ठेवते, टेबलफॅन लावून. त्याला यायचं तर येऊ दे.

आज भाजी टाकून परत आले तर आंब्याजवळ खड्डा! मी खणलेला नाही. चौकोनी, आत उतरायला पायऱ्या सोडलेल्या. विहीर आहे ती. तळाशी अजून नुसता दगड.

पमूला विहिरीचं काय माहीत? नळाच्या पाण्यावर वाढलेलं पोर. पण तो आता जिथे आहे तिथे असतील विहिरी.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू? पण भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. देवापुढे दिवा लावला, घंटा मात्र वाजवली नाही. न जाणो, बिचकायचा.

२१ नोव्हेंबर

आज आला नाही. हे पण उशिरा आले, ब्रँचला ऑडिट आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कॉम्प्युटरवाले सैनीजी प्रताप नगरहून सामान घेऊन घरी आले. कॅबिनेट उघडलं, धूळ काढली. काय धूळ! त्यात सांगलीचीही असणार. मी ती पुडीत बांधून ठेवली. ते बघत होते.

आत एसएसडीसाठी दोन खाचा, एकावर एक. मी चहा आणायला उठत होते. सैनीजी म्हणाले, “मैडम, नई वाली ऊपर लगा दी है। फोटो-वोटो उसमें डाल दिए। पुरानी वाली खाली कर दूँ?”

मी म्हटलं, “हाँ हाँ, खाली।”

नवी वर, जुनी खाली. बरोबर वाटलं मला!

संध्याकाळी खेळ उघडला. गाव नाही. आत ‘नवं जग बनवा’ एवढंच. सैनीजींना फोन लावला. “मैडम, आपने ही तो कहा था खाली कर दो। गेम तो फिर से डल जाएगा।”

रोज रिक्षावाल्याला विचारते की मी — भैया, खाली है? त्यांची खाली म्हणजे रिकामी. आणि आज माझ्या डोक्यात मराठी खाली बसली होती. एका शब्दानं मी गाव पुसलं. माझ्या हातानं. नाही, माझ्या तोंडानं.

२३ नोव्हेंबर

अभिषेकनं पुण्यात बसून दिवसभर आमच्या कॉम्प्युटरमध्ये शोधलं. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता, मी नुसती बघत होते. शेवटी म्हणाला, “नाही मिळत, काकू. एसएसडी पुसली की पुसली.”

तो आता येईल कुठे? त्याला उभं राहायला जागाच नाही.

२६ नोव्हेंबर

ह्यांना तेव्हाच सांगितलं होतं, सगळं गेलं. “हं,” म्हणाले. मला वाटलं, मनातून सुटलो म्हणत असतील.

आज जेवताना भाकरी मोडता मोडता थांबले. ताटाकडे बघत म्हणाले, “विहिरीला पाणी लागायच्या आतच गेलं बघ सगळं.”

विहिरीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. अभिषेकलासुद्धा नाही.

उठले. सोफ्यावरची बँकेची बॅग उघडली. आत पमूचा लॅपटॉप. तोच, कोपरा फुटलेला. सलोनीला कधी दिलाच नव्हता.

“देववला नाही,” म्हणाले. “फक्त बघायला आलो होतो, तू आत काय करतेस ते. तू पमू म्हणालीस, विभा. मग निघता येईना. बोललो असतो तर तुला कळलं असतं. तो पुन्हा गेला असता.”

विहीर त्यांच्या लहानपणची. वडिलांबरोबर खणलेली.

मी खूप ओरडले. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे! शनिवारी गाव गेलं, आज मुलगा गेला, दुसऱ्यांदा. आणि ह्या वेळी नेणारा समोर भाकरी घेऊन बसलेला. ते रडत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मी जवळ गेले नाही.

२८ नोव्हेंबर

बोलणं नाही. सकाळी खोलीत गेले तर राउटर खोलीच्या दाराशी आणून लावलेला, वायर नीट खिळे मारून. अभिषेकनं सांगितलं होतं तसाच.

३० नोव्हेंबर, रविवार

नवं जग सुरू केलं. माळ आहे नुसता. उभी राहिले. बऱ्याच वेळानं कोपऱ्यात ओळ आली — ‘प्रथमेश जॉइन्ड’. हिरवा शर्ट, लांब, उभाच.

‘ये’ लिहिलं होतं. पुसलं. लिहिलं — या.