गाळलेली ओळ

चेस्टर, पेनसिल्व्हेनिया
दहावा महिना, १७८९

प्रिय एनॉक,

तुझ्या पत्रातलं न्यूयॉर्कच्या नासपतींचं वर्णन वाचलं. दोन पानं नुसत्या नासपती! शाळेतही तू असाच होतास. काही लपवायचं असलं की भलत्याच गोष्टीचं कौतुक सुरू.

आठव्या महिन्यात मात्र मुद्द्याचं लिहिलं होतंस. शस्त्रं बाळगण्याच्या हक्काचं कलम काँग्रेसपुढे आहे, मसुद्याच्या नकला तूच करतोस, आणि त्यात आपल्या क्वेकर लोकांसाठी एक ओळ आहे: ज्याच्या धर्माला शस्त्र मान्य नाही, त्याच्यावर लष्करी चाकरीची सक्ती होणार नाही. खाली होतं, "टॅमझिन, जोशायाला खुशाल घरी बोलाव. आणि हे जाळून टाक, माझी नोकरी जाईल." मी जाळलं. तीस वर्षांपूर्वी फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात तू बंदूक उचललीस म्हणून आपल्या क्वेकर सभेने तुला यादीतून वगळलं, आपलं लग्न राहून गेलं, तरी तुझा शब्द मी कधी तपासला नाही. आपल्यात शपथा घेत नाहीत; हो म्हणजे हो. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे मला सुचलंच नाही.

लष्करी कवायतीची सक्तीची हजेरी टाळायला न्यू जर्सीत मावशीकडे राहिलेला जोशाया, माझा एकुलता एक मुलगा, ती ओळ मी उतरवून पाठवली म्हणून परत आला. मैदानात उभा राहून म्हणाला, "बंदूक धरणार नाही, बदली माणूसही देणार नाही. काँग्रेसने तसं लिहिलंय." कप्तान म्हणाला, "कुठे रे? आईच्या पत्रात?" त्याने खरोखरच खिशातून माझं पत्र काढलं. सगळं मैदान हसलं. आता तो तुरुंगात आहे.

मग छापील कलम आलं. लोक आहेत, हक्क आहे, शस्त्रं आहेत. आपली ओळ नाही. नवव्या महिन्यातच सिनेटने ती गाळली. नासपतींच्या पत्रावरची तारीख त्यानंतरची आहे, एनॉक.

काल पाव आणि चीज घेऊन गेले, तर जोशाया गजांआडून म्हणाला, "आई, खरं सांग. ती ओळ होती कधी? की मला घरी आणायला तूच रचलीस?" तुझं नाव सांगितलं. म्हणाला, "मग त्याचं पत्र दाखव." काय दाखवू? त्याला सोडवणं तुझ्या हातात नाही, ते मी मागतही नाही. तू ये, आणि त्याच्यासमोर उभा राहून सांग की ओळ होती, ती तूच मला पत्रातून कळवली होतीस. तुरुंग तो सोसेल. आई खोटं बोलली, हे त्याला सोसत नाहीये.

तुझीच (खोटं असतं तर लिहिलं नसतं),
टॅमझिन