पाळण्यातल्या बाळाचे डोळे

रामवाडी, पेण
दि. १३ जुलै १९९७

चि. सौ. मैना हिस,
सगुणाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती फळीवर बसवून ठेवली आहेस? भावोजींचा खोकला थांबला का? दत्तात्रेयाने दाढ काढली, की अजून लवंगच चघळतोय? तुझी शेजारीण हौसा कंबर धरून चालायची, ती आता सरळ झाली का? आणि रंभा कशी आहे? सुनेचं विचारणं शेवटी आलं खरं, पण पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे. सहावा संपत आला ना तिला? जेवते का पोटभर?

इकडे आम्ही खुशाल. कारखान्यात गणपतींची घाई सुरू झाली आहे. माझ्या वाट्याला नेहमीप्रमाणे डोळ्यांची आखणी आणि तुझ्या भावोजींच्या, म्हणजे आमच्या काळुरामपंतांच्या वाट्याला मूर्ती पेंढ्यात बांधणं. दिनानाथ डोलवीच्या कंपनीत शिफ्टवर जातो, येतो, झोपतो.

नवी बातमी म्हणजे मी केकवाली झाले. हसू नकोस. वाण्याने डाळ बांधून दिलेल्या कागदावर केकची कृती होती. निम्मी. "नंतर" या शब्दाशी कागद फाटलेला. नंतरचं मी माझ्या मनानं केलं. कुकरच्या तळाशी वाळू घातली, शिट्टी काढून ठेवली आणि देवाचं नाव घेतलं. पहिला केक दाराला टेकू द्यायच्या कामी आला. तिसरा मात्र असा फुगला की पंतांनी झाकण उचलून दोनदा बघितला. लोणी आणि पिठीसाखर फेटून वरची नक्षी करते. नक्षीच्या नळ्या कोण आणतंय? चकलीच्या सोऱ्याला चांदणीची चकती लावली आणि फिरवला सोऱ्या. काय कळ्या पडतात, बघत राहावं.

परवा शेजारच्या गोविंदाच्या मुलाचा वाढदिवस होता. त्याला हत्ती हवा होता. केला. सोंड काढता काढता हात आपोआप डावीकडे वळला आणि मी भानावर आले तोवर डोक्यावर मुकुट चढला होता. पोरगं रडायला लागलं, माझ्या हत्तीला टोपी का म्हणून. पंत म्हणाले की आता उंदीर तेवढा राहिला, तोही बसव. तीस वर्षांची सवय गो, हात माझं ऐकत नाय.

रंभाला हे वाचून दाखव. उत्तर दे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


रोहा
दि. २० जुलै १९९७

ती. सगुणाअक्कास,
धाकट्या मैनाचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा तसाच. बाटली फळीवरच आहे, तुझ्यापासून काय लपवायचं. ह्यांचा खोकला गेला, दाढ निघाली, हौसा सरळ झाली आणि आता माझ्या घरात जास्तच सरळ येते.

रंभाचं मात्र काय लिहू? गेल्या वर्षीचं तुला ठाऊक आहे. सातव्यात डोहाळजेवण केलं, सगळा गाव जेवला आणि आठव्या दिवशी सगळं हातचं गेलं. या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणतात की काही काळजी नाही, बाळ छान आहे. पण ही पोटावर पदर ओढून वावरते. बाळाचा विषय काढला की उठून भांडी घासायला बसते. एक टोपडं शिवू देत नाही. डोहाळजेवणाचं नाव काढलं तर म्हणाली की आई, पाया पडते, ते नको. जेवणही पाखरासारखं. अक्का, तिनं एकदा हसून पोटभर जेवलेलं मला बघायचं आहे. बाकी हौस गेली खड्ड्यात.

तुझं पत्र वाचून दाखवलं. हत्तीच्या टोपीपाशी आली आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. खोटं सांगत नाही, मी बघितला. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली की झोपाळा नको, फुलं नकोत, ओटी नको, पण मावशींचा केक येणार असेल तर बसते घटकाभर.

तेव्हा आता तुझ्यावर आहे. रविवार, १७ ऑगस्ट. पाच-सहा बायका, बास. खांबहून विहीणबाई, इंदुबाई, येतील. त्यांची बारीक नजर तुला माहीत आहेच. केकवर पाळणा काढ आणि पाळण्यात बाळ. मुलगा की मुलगी ते कळता कामा नये. जमेल ना?

भावोजींना नमस्कार, दिनानाथला आशीर्वाद. ममता आहे तशीच राहू दे.

तुझी,
मैना


रामवाडी, पेण
दि. २६ जुलै १९९७

चि. सौ. मैना हिस,
अ. आ. वि. वि.

जमेल ना, असं विचारतेस? चारशे मूर्तींचे डोळे उघडणारी बाई एका बाळाला घाबरेल होय?

मला येता येणार नाही, याचं वाईट वाटतं. तेव्हा कारखान्यात मान वर करायला फुरसत नसणार. पण दिनानाथची त्या रविवारी सुट्टी आहे, तो एस.टी.ने घेऊन येईल. बाळ गळ्यापर्यंत दुपट्यात गुंडाळते, म्हणजे मुलगा-मुलगीचा प्रश्नच मिटला. पाळण्याच्या दोऱ्या सोऱ्याच्या बारीक चकतीने. श्रावण आहे, तेव्हा अंडं घालणार नाही, दही आणि सोडा घालून करते. हे विहीणबाईंना आधीच सांगून टाक, नाहीतर त्या केक हुंगत बसतील.

रंभाला सांग, भीती कुणाला चुकली नाही. पण भीतीला पाट मांडून जेवायला बसवायचं नसतं.

गुडघ्याला तेल लाव. लोभाची वात तेवत ठेव.

तुझी,
अक्का


रामवाडी, पेण
दि. १८ ऑगस्ट १९९७

चि. सौ. मैना हिस,
अ. आ.

घाईत लिहिते आहे. दिनानाथ काल उशिरा परतला तो मध्यरात्रीच्या शिफ्टची बस गाठायला पळाला. कसं झालं विचारलं तर म्हणाला की झालं, पण वेळ लागला. कशाला वेळ लागला? ते घरी आल्यावर सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही.

आणि आज सकाळी कारखान्यात एका मूर्तीचे डोळे आखताना माझा हात तिथल्या तिथे थांबला. मैने, त्या बाळाचे डोळे मी कसे काढले ते आठवलं. काल सकाळी केक समोर घेतला, कोको तुपात कालवला, नवा कुंचला घेतला आणि श्वास धरून वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, शेवटी पांढरा ठिपका. जसे रोज काढते तसेच. देवाचे डोळे काढून बसले गो मी. आपल्याकडे डोळे उघडले की मूर्तीला उगाच बोट लावायचं नसतं, आणि तो तर सुरीने कापायचा.

त्यात पंतांनी केक बांधला, तोही सवयीनेच. टोपलीत पेंढा, चारी बाजूंनी दाबून, आणि बाळाच्या तोंडावर लाल रुमाल.

रंभाला काही अशुभ वाटलं नाही ना? तेवढं एक लिही. बाकी काही नको.

अक्का


रोहा
दि. १९ ऑगस्ट १९९७

ती. सगुणाअक्कास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच हे लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, हसून बरगड्या दुखतात म्हणून टेकले आहे.

दिनानाथ एस.टी.त चढला तेव्हापासूनच सुरुवात झाली. टोपली, पेंढा आणि लाल रुमाल बघून कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून दिली. नागोठण्याला एका आजोबांनी टोपलीला हात लावून डोळ्यांना लावला. तुझा लेक लाजाळू, केक आहे म्हणायलाही लाजला. दारात आला तर हौसाने रुमालाकडे बघितलं, धावत आत गेली, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. ओल्या बुटांनी बिचारा आत आला.

रंभा हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. नेसवलं म्हणून नेसलेली, बसवलं म्हणून बसलेली. सकाळपासून अर्धी पोळी पोटात. मी मनात म्हटलं, केक तेवढा नीट निघू दे.

रुमाल काढला आणि अक्का, सगळ्या पुढे वाकल्या. ते बाळ असं बघत होतं की मी जिथं उभी, तिथंच बघतंय असं वाटावं. इंदुबाई दुसऱ्या टोकाला होत्या. त्याही म्हणाल्या की माझ्याकडेच बघतंय. आणि हात जोडले त्यांनी. मग कुंकू वाहिलं. विहिणीनं वाहिलं म्हणून हौसानं हळद वाहिली. कुणीतरी निरांजन आणलं, कुणीतरी उदबत्ती. बायका रांगेनं पाया पडायला लागल्या. दत्तात्रेय सुरी घेऊन आला तर इंदुबाई जावयावर अशा कडाडल्या की तो सुरी पाठीमागे धरून उलट पावली गेला. देवावर कुणी सुरी धरतं का म्हणाल्या. मी सांगायला गेले की हा केक आहे, खायचा आहे, तर मलाच विचारलं की आधी सांग, ह्यात अंडं तर नाय ना. दही घातलंय म्हटल्यावर त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

अर्धा तास गेला. केक तिथंच, बायका तिथंच. मी रंभाकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, झालं, हे पोरीच्या मनाला लागणार, ही उठून भांडी घासायला जाणार.

निरांजनाच्या धगीनं तुझ्या सोऱ्याच्या दोऱ्या सुटायला लागल्या. पाळणा एका बाजूला कलला. बाळाच्या कपाळावरून लोण्याचा एक थेंब घरंगळत नाकावर आला. आणि रंभा हळूच म्हणाली की आई, देवाला घाम आलाय.

आधी कुणाला कळेना, हसावं का. मग तीच हसली. पदर तोंडात कोंबून, मग पदर सोडून, मग पोट धरून. गेल्या वर्षापासून ते हसू कुठं दडवून ठेवलं होतं कोण जाणे, सगळं एकदम सांडलं. इंदुबाई तिला दटावायला गेल्या आणि स्वतःच पाटावर बसून हसायला लागल्या.

शेवटी हे पुढे आले. पेणच्या कारखान्याचे जावई ना, नियम ह्यांना ठाऊक. म्हणाले की उत्तरपूजा करा, अक्षता वाहा, जागेवरून जरा हलवा, मग विसर्जनाला हरकत नाही. अक्षता वाहिल्या. ताट हलवलं. आता विसर्जन कुठं, यावर हौसा आणि इंदुबाईंचं जुंपलं. एक म्हणे कुंडलिका नदीत, दुसरी म्हणे विहिरीत.

तेव्हा रंभा म्हणाली की विसर्जन कशाला, स्थापनाच करा की, इथं. आणि पोटावरचा पदर बाजूला करून तिनं हात ठेवला. सगळ्यांच्या देखत.

मग आपल्या हातानं तिनं बाळाचा उजवा डोळा उचलून खाल्ला. मग डावा. मग पाळणा, उशी, दुपटं. अक्का, मी घास मोजले नाहीत, दृष्ट लागेल. पण शेवटी बायकांना खालचं कोरडं तेवढं उरलं आणि कुणी तक्रार केली नाही.

आज सकाळी माझ्याकडे सुईदोरा मागितला. टोपडं शिवते आहे. एक कान मोठा, एक लहान.

तुझा कुंचला आणि तुझे डोळे सुखी राहोत. माझ्यावर आहे ते प्रेम केकासारखं वाटून टाकू नकोस.

तुझी,
मैना


रोहा
दि. ४ ऑक्टोबर १९९८

ती. सगुणामावशींस,
रंभाचा सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, आईच लिहितात, म्हणून चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

तुमची नात बावीस तारखेला वर्षाची होईल. पाळण्यातलं नाव शांती, पण अंगात शांती कशी ती नाही. आपले काळुरामकाका तिला पुतळी म्हणतात तेच आता सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. चार पावलं चालते, पाचव्याला बसते. माझी आई खांबहून आली की तिला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगते की डोळे पेणचे आहेत. तिला कितीदा सांगितलं की केक खाऊन डोळे होत नसतात. ती ऐकत नाही. खरं सांगू का, मीही फार जोर लावून सांगत नाही.

वाढदिवसाला तुमचाच केक हवा. पुतळीचंच चित्र काढा. एकच विनंती, या खेपेला ती झोपलेली दाखवा. डोळे मिटलेले असले की कापायला सोपं जाईल. नाहीतर माझी आई पुन्हा निरांजन लावेल.

तुम्ही आणि काका दोघंही या. कृपा आहेच, ती पुतळीपर्यंत पोचवा.

तुमची,
रंभा


रामवाडी, पेण
दि. ९ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. रंभा हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पंतांनी चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं, जसं काही मला वाचता येत नाही.

आम्ही दोघं येतोच. गणपती होऊन गेले, कारखाना शांत आहे. पण मिटलेल्या डोळ्यांचं काही जमत नाही, पोरी. चार दिवस पाटीवर सराव केला. मिटायला जाते आणि हात शेवटी बुबुळ काढून मोकळा होतो. इतकी वर्षं उघडायचंच काम केलं, मिटायचं कुणी शिकवलंच नाही.

म्हणून असं ठरवलं आहे. केक आणते, पुतळी आणते, कुरळे केस, कानातले, तो एक कान मोठा असलेलं टोपडंसुद्धा. चेहरा मात्र कोरा. कारखान्यात डोळे सगळ्यांत शेवटी, हा नियम तिथंही पाळू. सोबत कोको आणि कुंचला आणते. डोळे तू काढायचे. वरची पापणी आधी, मग खालची, आणि काढताना श्वास धरायचा, एवढंच. तिरके आले तर येऊ देत. तिरक्या डोळ्यांच्या देवाला इंदुबाई हात जोडणार नाहीत, आणि जोडलेच, तर तुला काय करायचं ते माहीत आहे, उजवा डोळा आधी. निरांजन तेवढं लांब ठेव.

पंतांना बजावलं आहे की या वेळी लाल रुमाल नाही. पेंढ्याचं वचन मी देत नाही.

आता तू लिहू लागली आहेस तर थांबू नकोस. पुतळीला किती दात आले ते लवकर कळव, म्हणजे केक किती मऊ करायचा ते ठरवता येईल.

तुझी,
सगुणामावशी