मानपत्रातला वाघ

घाटकोपर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रप्रकाश यास,
कुंदाताईचे अनेक आशीर्वाद. मुलुंडला सगळे खुशाल असालच. बाविसाव्या मजल्यावर खुशाली आधी पोचते म्हणे. इकडे अण्णांचा खोकला कमी आहे. भाटवाडीच्या चढावर अजून काठी उगारून रिक्षावाल्यांना शिस्त लावतात.

तू पाठवलेलं मानपत्र मिळालं. छपाई झकास. येत्या रविवारी ग्रामस्थ मंडळाच्या मेळाव्यात ‘ज्येष्ठ धरणग्रस्त’ म्हणून अण्णांचा सत्कार, आणि ते वाचायचं मी; कारण पेपरात टोमणे लिहून मी पोट भरते आणि माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. गाव कोयनेच्या पाण्याखाली जाऊन साठ वर्षं उलटली, पण मुंबईत त्याचं मंडळ आहे, मंडळाला तुझ्या रूपानं अध्यक्ष आहे आणि अध्यक्षाला महापालिकेचं तिकीट हवंय. बुडालेल्या गावाची एवढी प्रगती क्वचितच होते.

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. मोजणीच्या खुंट्या उपटणारा, साहेबाच्या जीपसमोर आडवा पडणारा तरुण वाघ वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “माणूस चांगला दिसतोय. कोण गं हा?”

फोनवर तुला हे सांगितलं तर तू हसलास. मग म्हणालास, ताई, खरं सांगितलं तर लोक त्यांना घरभेदी म्हणतील, वाच आणि मोकळी हो ना.

खरं तुलाही ठाऊक आहे. अण्णा धरणावर कामाला होते. आपलं गाव बुडवणाऱ्या भिंतीत त्यांनी स्वतःच्या हातांनी दगड बसवले. त्या भिंतीनं नदी अडवली, तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले. विक्रोळीच्या कंपनीत अण्णा ज्या यंत्रावर राबले, तेही आपल्याच नदीवर चालतं, असं ते पाहुण्यांना ऐकवायचे. पाहुणे चहा पिऊन निघून जायचे.

सदुसष्ट साली कोयनेला भूकंप झाला. बातमी कळताच अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, भिंत उभी आहे का? माणसांचं नंतर विचारलं. हे ते स्वतः सांगतात, मान खाली घालून.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण तू ‘दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे’ म्हणालास, म्हणून लिहिते. आपल्या चाळीतल्या खोलीत तिन्हीसांजेला दिवा लावला की सगळे हात जोडायचे. आजी भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या बल्बमध्ये आपलं घर जळतंय, असा तिचा ठाम समज होता. अण्णा बटण दाबायचे, हात जोडायचे, आणि मग आईच्या पाठीकडे बघत उभे राहायचे. गाव सोडलं त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. जाईपर्यंत बोलली नाही. आपण दोघं त्यांच्यामध्ये निरोप्यासारखे फिरायचो. “आजी म्हणते जेवायला बसा” हे तुझं वाक्य होतं, चंदू.

स्वतःच्या आईचं ते न बोलणं ज्या बापानं जन्मभर सोसलं, त्याला तू चार ओळींत सोडवायला निघालास. मी अण्णांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, “मी भिंत बांधली आणि आईची चूल बुडवली. दोन्ही लिही. एकच लिहायचं असेल तर माझी खुर्ची मांडू नका म्हणावं.”

तेव्हा मी नवं मानपत्र लिहिलंय. अण्णांनी ऐकलं, दोन विशेषणं काढायला लावली. प्रत सोबत जोडत नाही. तूही सगळ्यांबरोबर ऐक. लोक ओरडले तर ओरडू देत, त्यांचं गाव बुडालंय, त्यांना हक्क आहे. अण्णा समोर बसून ऐकून घेतील. उत्तर द्यायला कुणी लागलंच तर मी आहे. आणि माइक बंद करण्याच्या भानगडीत पडू नकोस. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, हे तूच मंडळाला सांगितलंयस.

तिकीट गेलं तर त्याचा दोष माझ्या नावावर लाव. अण्णांच्या नावावर आता आणखी काही खोटं लावू नकोस.

रविवारी त्यांचा हात धरून येणारी,
कुंदाताई